नंदादेवीच्या पायथ्यापर्यंत जाता येतं का? आणि ती नीट कुठून दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही उदगीरचे, वय 44, डोंगराची सवय नाही. दिवाळीच्या सुट्टीत नंदादेवी जवळून पाहायची आहे. ट्रेक नेणाऱ्या एकाने 'नंदादेवी बेस कॅम्प'ला नेतो असं सांगितलंय. तर पायथ्याशी खरंच जाता येतं का, आणि आपल्या सपाट मुलखातल्या माणसाला हे झेपतं का?

मी लातूरचा. उत्तराखंडातल्या गढवालात बऱ्याच वर्षांपासून जातो, आणि त्यातही नंदादेवीच्या आसपासच जास्त. म्हणून सविस्तर लिहितो.

मुख्य शिखराच्या पायथ्याशी जाता येत नाही. 1983 पासून तो भाग बंद आहे. तुम्हाला सांगितलेला 'बेस कॅम्प' बहुतेक नंदादेवी ईस्टचा, म्हणजे तिच्या पूर्वेकडच्या दुसऱ्या शिखराचा असणार. तो कुमाऊंतल्या मुनस्यारीकडून, गोरीगंगेच्या खोऱ्यातून मार्तोली गावावरून जातो. ती वाट खरी आहे, देखणीही आहे, पण ती डोंगराच्या पाठीमागून, बाहेरच्या अंगाने जाते. वाट सीमेकडे जाणारी असल्याने परवाना लागतो, आठवड्याहून जास्त चालावं लागतं आणि मुक्काम उंचावर पडतात. पहिल्याच खेपेला, दिवाळीच्या थंडीत, तिकडे जाऊ नका. पैसे भरण्याआधी त्या माणसाला एवढंच विचारा: गाडी कुठल्या गावापर्यंत जाणार आणि परवाना कुठे काढणार? नीट उत्तर आलं नाही तर तिथेच थांबा.

आता पायथा बंद का, ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय हे शिखर कळत नाही.

नंदादेवीची उंची 7816 मीटर. कांचनजंगानंतर भारतातलं हेच सर्वांत उंच शिखर, आणि कांचनजंगा नेपाळच्या सीमेवर असल्याने, पूर्णपणे भारताच्या हद्दीत असलेलं तर पहिलंच. पण तिचं वेगळेपण उंचीपेक्षा जागेत आहे. आपल्याकडे भाकरीसाठी काटवटीत मधोमध पिठाचा उंडा ठेवतात ना, तशी ती बसली आहे. चहूबाजूंनी सुमारे 110 किलोमीटर घेराची शिखरांची भिंत, आणि ही भिंत बहुतेक ठिकाणी साडेपाच हजार मीटरच्या खाली येत नाही. त्रिशूल, दूनागिरी, चांगबांग, नंदादेवी ईस्ट ही सगळी त्या काठावरची. आतलं पाणी बाहेर पडायला पश्चिमेकडे एकच फट आहे, ती ऋषिगंगेची घळ. माणसाला आत जायची वाटही तीच.

ती वाट शोधायला माणसांनी कितीतरी वर्षं घालवली. ह्यू रटलेज हा इंग्रज गिर्यारोहक वेगवेगळ्या बाजूंनी प्रयत्न करून परतला. शेवटी 1934 साली एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघे इंग्रज, आणि त्यांच्यासोबत आंग थारके, पासांग, कुसांग हे तीन शेर्पा, ऋषिगंगेच्या कड्यांना चिकटून आत पोचले. आत त्यांना हिरवी कुरणं आणि माणसाला न बुजणारे भरल, म्हणजे निळ्या मेंढ्यांचे कळप दिसले. दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1936 रोजी, टिलमन आणि नोएल ओडेल शिखरावर पोचले. 1950 मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसाने चढलेलं ते सर्वांत उंच शिखर होतं.

पुढचा इतिहास इतका सरळ नाही. 1965 साली चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी भारत आणि अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांनी शिखरावर एक यंत्र बसवायचं ठरवलं. त्याला वीज पुरवणाऱ्या उपकरणात प्लुटोनियम होतं. हवामान बिघडलं, सामान वाटेत बांधून ठेवून मंडळी खाली आली, आणि पुढच्या वर्षी जाऊन पाहतात तर ते उपकरण जागेवर नव्हतं. ते आजपर्यंत सापडलेलं नाही. 1974 मध्ये हा भाग गिर्यारोहकांना खुला झाला आणि मग मोहिमांवर मोहिमा. स्वयंपाकाला तिथलीच झुडपं तोडली, डबे आणि दोर तिथेच टाकले, शिकारही झाली. दहा वर्षंही झाली नाहीत तोवर कुरणं उजाड दिसायला लागली. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, पुढच्या वर्षी दार बंद झालं. 1988 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. 1993 मध्ये लष्कराची एक मोहीम खास परवानगीने आत गेली, तिने वर्षानुवर्षांचा कचरा खाली आणला.

माझं मत स्पष्ट आहे: ते दार बंदच राहावं. आपण सगळ्यांनी मिळून केदारनाथच्या वाटेचं काय केलं ते डोळ्यांसमोर आहे. मात्र या बंदीची किंमत मोजली ती लाता, रैणी, तोलमा या गावांनी. त्यांची मेंढरं पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्यात त्या कुरणांवर जायची, वनौषधी यायच्या, मोहिमांबरोबर हमाली मिळायची. एका आदेशाने सगळं थांबलं. आणि ही गावं काही डोंगर ओरबाडणारी नव्हती. 26 मार्च 1974 रोजी ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली तेव्हा रैणीच्या गौरादेवी आणि गावातल्या बायकाच झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या. चिपको आंदोलनाचं नाव जगभर झालं ते या गावामुळे. ज्यांनी जंगल राखलं त्यांनाच जंगलाबाहेर काढलं, हे मला अजूनही बोचतं. म्हणून माझा आग्रह असतो की त्या भागात जायचं तर वाटाड्या त्याच खोऱ्यातल्या गावचा घ्यावा आणि मुक्काम घरगुती ठिकाणी करावा. शहरातल्या कंपनीला दिलेल्या पैशातलं गावापर्यंत फार थोडं पोचतं.

मग पाहायची कुठून? माझं उत्तर: जोशीमठाच्या वरचं औली, त्याच्या वरचं गोरसों बुग्याल (बुग्याल म्हणजे उंचावरचं कुरण), आणि पाय साथ देत असतील तर तिथून पुढे कुआरी खिंड. कौसानीहूनही दिसते, पण तिथून समोर त्रिशूल मोठा दिसतो आणि नंदादेवी मागे, अंग चोरून. गोरसोंवरून सरळ रेषेत अंतर साधारण 40 किलोमीटर पडतं, तरी शिखर इतकं ठसठशीत दिसतं की अंतर खरं वाटत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. औलीहून जो डोंगर सगळ्यात अंगावर येतो तो दूनागिरी. 7066 मीटरचा असला तरी बराच जवळ असल्याने नजर आधी त्याच्यावरच जाते. पुष्कळ लोक त्यालाच नंदादेवी समजून फोटो काढतात आणि परत जातात. नंदादेवी त्याच्या उजव्या हाताला, मागच्या रांगेत असते. तिचा माथा टोकदार, खालचे कडे इतके उभे की त्यांवर बर्फ ठरत नाही, त्यामुळे मधला भाग काळपट दिसतो.

दुसरं म्हणजे, सगळे जण पहाटे उठवतात, सूर्योदय बघा म्हणतात. दुसऱ्या शिखरांसाठी ते ठीक आहे. पण गोरसोंहून नंदादेवी आग्नेयेच्या अंगाला पडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य जवळजवळ तिच्याच पाठीमागून उगवतो. सकाळी तिची नुसती काळी कड दिसते. तिला बघायचं ते संध्याकाळी, मावळतीचं ऊन समोरून पडतं तेव्हा. आधी खालची सगळी रांग सावलीत जाते, मग दूनागिरी विझतो, आणि त्यानंतरही काही मिनिटं वरचा माथा तांबूस राहतो, कारण तो सगळ्यांत उंच आहे. कोण किती उंच, हे उतरतं ऊनच एकेक करून सांगतं. त्या वेळी कॅमेऱ्याशी झटापट करत बसू नका, निवांत बघा. मात्र टॉर्च सोबत ठेवा, कारण ऊन गेलं की अंधार आणि थंडी एकदमच येतात आणि मुक्कामावर परत उतरायचं असतं.

शिखराइतकाच वेळ मी पायाखालच्या जमिनीला द्यायला सांगेन. जोशीमठ साधारण 1900 मीटरवर आहे. तिथून वर निघालं की आधी देवदार, मग खरसू ओक आणि बुरांस, आणि सगळ्यात वर भोजपत्राची झाडं लागतात. त्यांची साल कागदासारखी सुटून फडफडत असते. साडेतीन हजार मीटरच्या आसपास झाडं थांबतात. वाढीच्या दिवसांतलं सरासरी तापमान सहा-सात अंशांच्या खाली गेलं की झाडाला लाकूड धरणं जमत नाही, म्हणून ही रेघ इतकी ठळक असते. तिच्यावर सुरू होतं ते बुग्याल: गवत, आणि पावसाळ्यात बोटभर उंचीची नाना रंगांची फुलं. मोनाल पक्षी या रेघेच्या अल्याडपल्याड दिसतो. ब्रह्मकमळ आणखी वर, दगडगोट्यांत, श्रावण-भाद्रपदात फुलतं. आपल्याकडे कुंडीत रात्री फुलणाऱ्या निवडुंगाला ब्रह्मकमळ म्हणतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

दिवाळीत गेलात तर बुग्याल हिरवं नसेल, तांबूस असेल. मला ते दिवस जास्त आवडतात. एकदा चाकूरकडचे एक शेतकरी काका आमच्यासोबत होते. पहाटे ओहोळावर पाणी भरायला गेलो, तर वर काचेसारखा पातळ बर्फ आणि खाली पाण्याची टिकटिक चाललेली. वाटाड्याने टाचेने बर्फ फोडला आणि कॅन आडवा धरला. काका कितीतरी वेळ उकिडवे बसून ते पाणी बघत राहिले. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी ज्यांनी रांगेत उभं राहून भरलं, त्यांना अशा ओहोळाकडे सहज बघता येत नाही. त्यांनी वाटाड्याला विचारलं, "भैया, आपके गाँव में तो पानी की कमी नहीं होगी?" तो म्हणाला, नदी खाली आहे आणि गाव वर आहे, काकाजी. उन्हाळ्यात बायका दूरच्या धाऱ्यावरून, म्हणजे झऱ्यावरून, डोक्यावर पाणी आणतात.

ते ऐकून काका चमकले, आणि मीही. बर्फाचं पाणी घळीतून थेट खाली जातं, त्याचा वरच्या गावाला उपयोग नाही. गावं जगतात ती झऱ्यांवर, आणि झरे जगतात पावसावर आणि ओकच्या जंगलावर. रैणीच्या बायका झाडांसाठी का उभ्या राहिल्या, ते त्या ओहोळाच्या काठी मला जास्त नीट समजलं. काका परतीच्या वाटेवर बांधबंदिस्तीवरच बोलत होते.

बुग्यालाची माती पातळ असते, गवत वर्षातले जेमतेम चार-पाच महिने वाढतं. खेचरांच्या टापांनी किंवा तंबूच्या मेखांनी एकदा ती साल निघाली की पावसात घळ पडते आणि भरून यायला वर्षं जातात. म्हणून 2018 मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. कुणी 'बुग्यालावर तंबूत रात्र' असं विकत असेल तर घेऊ नका. मुक्काम खाली, परवानगी असलेल्या जागी.

दुसऱ्या एका घटनेची माहिती असूनच त्या खोऱ्यात पाऊल टाका. 7 फेब्रुवारी 2021 रोजी रोंटी शिखराच्या कड्यावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड तुकडा सुटला, सुमारे 2 कोटी 70 लाख घनमीटर. खाली येईपर्यंत बर्फ वितळून त्याचा चिखलाचा लोंढा झाला आणि त्याने रैणीजवळचा ऋषिगंगा प्रकल्प आणि पुढे तपोवनचं बांधकाम उद्ध्वस्त केलं. दोनशेहून जास्त माणसं गेली, बरीचशी प्रकल्पावर काम करणारे मजूर. 2023 च्या जानेवारीत जोशीमठातल्या घरांना तडे गेले, तेव्हा औलीचा रोपवेही बंद झाला. त्यामुळे रोपवे धरून बेत आखू नका, रस्त्याने जा. जोशीमठात पोचल्यावर स्थानिकांना विचारून मुक्कामाची जागा ठरवा. आणि मजेसाठी आलो आहोत या थाटात तिथल्या लोकांशी बोलू नका. त्यांची घरं गेली आहेत.

आता झेपण्याचं. सपाट मुलखातले म्हणून बिचकू नका. संभाजीनगरचे पोलीस रफीक शेख 2016 मध्ये एव्हरेस्टवर पोचले. तिथल्याच मनीषा वाघमारे 2017 मध्ये शिखराच्या अगदी जवळून हवामानामुळे परतल्या आणि 2018 मध्ये पुन्हा जाऊन शिखर गाठलं. दोघंही याच मातीतले. खरं तर उंचीच्या बाबतीत पुणे-नाशिकच्या ट्रेकरला आपल्यापेक्षा काही जास्तीचं मिळत नाही. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे जोशीमठाहूनही खाली. विरळ हवेची सवय आपल्या राज्यात कुठेच होत नाही. त्यांच्या पायांना चढ-उताराची सवय असते एवढंच, आणि ती तुम्हालाही करता येईल.

तीन महिने हाताशी ठेवा. उदगीरजवळ हत्तीबेट आहे, पाठीवर आठ-दहा किलोची पिशवी घेऊन तिथे चढ-उतार सुरू करा. रविवारी अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीकडच्या दरीत उतरा आणि पुन्हा चढा. महिन्यातून एकदा देवगिरीचा किल्ला किंवा कन्नडकडचा अंतूर. लोक दमसासाची तयारी करतात आणि उताराची विसरतात. गुडघे जातात ते उतरताना. म्हणून उतरण्याचा सराव मुद्दाम करा आणि काठी वापरायला शिका. वयाच्या चाळिशीनंतर रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्या, त्यात भिडस्तपणा नको.

वर गेल्यावर मात्र ताकदीचा उपयोग थोडा आणि सबुरीचा जास्त. कुआरी खिंडीच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाइतकाच असतो, म्हणजे दर श्वासाला प्राणवायूही दोन-तृतीयांशच मिळतो. त्यामुळे जोशीमठात एक दिवस नुसता काढा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. बोलताना धाप लागणार नाही इतक्याच वेगाने चाला. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं ही पहिली खूण, तेव्हा आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला आला, किंवा चालताना तोल जायला लागला, तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली. जवान पोरंच यात फसतात, कारण ती आजार लपवतात. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, गोळी घेऊन वेगाने चढायचं असं होत नाही.

वर भूक मरते आणि रोजचं मॅगी नको होतं. आपली ज्वारीची धपाटी, शेंगाची चटणी आणि गूळ-दाणे जवळ ठेवा. तोंडाला ओळखीची चव असली की दोन घास जास्त जातात, आणि थंडीत त्या दोन घासांना फार किंमत असते.

जायचं कसं? नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून हरिद्वार-ऋषिकेश, आणि ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे 250 किलोमीटर, सबंध एक दिवस. या रस्त्यावर देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग हे चार संगम लागतात आणि पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठाच्या खालीच. नंदादेवीचं पाणी ऋषिगंगेतून धौलीगंगेत येतं आणि विष्णुप्रयागला अलकनंदेला मिळतं. तिथे पाच मिनिटं थांबा. जाण्या-येण्यासकट किमान दहा-बारा दिवसांची रजा धरा. एक दिवस ढगांसाठी राखून ठेवा, कारण नंदादेवी दर्शन देईलच असं नाही.

घरच्या मंडळींना सोबत नेणार असाल तर त्यांना ही एक गोष्ट जरूर सांगा. तिकडे नंदा ही देवी आहे, आणि त्याआधी गावाची लेक आहे. कैलासावर शंकराच्या घरी दिलेली. साधारण बारा वर्षांनी नौटी गावाहून तिला सासरी पोचवायला राजजात निघते, सुमारे 280 किलोमीटरची पायी यात्रा, पुढे चार शिंगांचा मेंढा. मागची राजजात 2014 मध्ये भाद्रपदाच्या सुमारास झाली. निरोपाच्या वेळी बायका खरोखर रडतात. आपल्याकडे त्याच महिन्यात महालक्ष्म्या येतात, तीन दिवस लेकीबाळींसारखं त्यांचं कोडकौतुक होतं, आणि तिसऱ्या दिवशी मुखवटे उतरवताना घरातल्या बायकांचा आवाज जड होतो. लाता गावात नंदेचं जुनं देऊळ आहे. जोशीमठाहून गाडीने तिथे जाता येतं. आमच्या आईने तिथे खणानारळाने ओटी भरली, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या बाईला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने तांदूळ आईच्याच पदरात परत घातले आणि चहाला बसवून घेतलं.

दिवाळीचं म्हणाल तर पाडव्याच्या आसपास आकाश बहुतेक स्वच्छ असतं, पण रात्री पारा शून्याच्या खाली जातो. गरम कपडे थरांचे घ्या, एकच जाड स्वेटर नको. गडी नवे बूट घालून येतात आणि पहिल्याच दिवशी टाचा सोलून घेतात, म्हणून बूट आत्ताच घ्या आणि हत्तीबेटावरच ते पायांत बसवा. किती जण निघणार, कुणाला काही आजार आहे का आणि रजा किती दिवसांची, एवढं कळवलंत तर रोजचा मुक्काम कुठे करायचा तेही लिहून देईन.